अनुभवाचा रकाना

फुर्तादो सर म्हणाले, एका पानात बसव.
दुसरं पान तिथे कोणी उलटत नाही.
आयर्लंडला पाठवशील तर फोटो काढ,
दुबईला पाठवशील तर घाल,
आणि हसू नकोस, पण हसरी दिस.

म्हणून माझे आता दोन बायोडेटा आहेत,
एक तोंडाचा, एक बिनतोंडाचा.

नाव: ऊर्वी लाडू आमोणकर.
शाळेच्या दाखल्यावर 'व्ही', आधारवर 'डब्ल्यू',
पासपोर्ट कुणाचं ऐकेल अजून ठरलेलं नाही.
बाबांच्या नावाखाली
रोहिदासच्या कॉम्प्युटरनं लाल रेघ ओढली.
लाडू नावाचा माणूस असतो
हे त्याला कुणी शिकवलेलं नसावं.

भाषा लिहायच्या, आणि पाचपैकी किती तारे.
कोंकणीत मी भांडते, मराठीत पेपर वाचते,
आरती मराठीतून, शिव्या कोंकणीतून.
दोघींना पाच पाच दिले.
सरांनी दोन्ही ओळी उडवल्या:
तिथे ह्यांचं काय करतील?
इंचभर जागा सुटली.
तीत 'टीम प्लेयर' बसलं.

मग अनुभव.

रोहिदास तासाचे तीस रुपये घेतो.
पाऊण तास मी त्या एका शब्दाकडे बघत बसले.
बाहेर डिचोलीच्या स्टँडवर
म्हापशाच्या दोन बसेस भरून गेल्या.

पाचवीपासून मी जत्रेत बसते.
साखळी, नार्वे, म्हापसा, मध्ये सुटलेली लहानसहान देवळं.
आई परातीत खाजें घोळवते,
गुळाचा पाक बोटांत ताणून बघते,
एक तार, दोन तार, आता आलं टाक गो,
आता तीळ, आता हात काढ, भाजशील!
मी पाव किलो डोळ्यांनी तोलते.
पहाटे चारला दारू प्यालेल्या गिऱ्हाइकाला
पाचशेची मोड बरोबर देते
आणि त्याचा मुलगा हरवलाय हे त्याच्या आधी ओळखते.

हॉटेल मॅनेजमेंटच्या तिसऱ्या वर्षाला
साखरेच्या पाकाचं प्रात्यक्षिक झालं.
सरांनी थर्मामीटर दिला.
मी बोट घातलं.
चार मार्क गेले.

शेवटी लिहिलं: अनुभव नाही. फ्रेशर.
आणि अकरा ठिकाणी पाठवून दिलं.

चुकलेल्या प्रती चाळीसेक निघाल्या.
आई म्हणाली, कागद बरा आहे, जाड आहे,
फेकतेस कशाला?

बोडगेश्वराच्या जत्रेत
आत प्लास्टिक, वर मी,
असे पुडे बांधले जात होते.
माझी जन्मतारीख पर्वरीला गेली.
माझी उद्दिष्टं थिव्याच्या एका बाईनं
पिशवीत, भज्यांच्या वर ठेवली.
मला लाज वाटत होती, आणि धंदा बरा चालला होता.

रात्री दीडला एक म्हातारा परत आला.
खाजें मऊ निघालं असेल म्हणून आईनं आधीच हात जोडले.
तो म्हणाला, नाही, खाजें फर्मास आहे.
हे ऊर्वी कोण?
मी.
कुवेतला एकवीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी, म्हणाला,
आकडे बघितल्याशिवाय मला कागद टाकवत नाही.
बाय, तुझा फोन नंबर नऊच आकडी आहे.

बल्बखाली धरून मी मोजले.
नऊ.
मोबाइलवर शेवटची प्रत उघडली.
तिच्यातही नऊ.

आई तोवर त्याला चिमूटभर जास्त घालत होती.
त्यानं विचारलं, हे सगळं लिहिलंयस,
हा धंदा कुठे आहे ह्यात?

मागे नाटकाची घंटा झाली.
मी ओल्या फडक्याला बोटं पुसली, तरी
स्क्रीनवर गूळ लागलाच.
आधी तो सुटलेला सात घातला.
मग 'नाही' खोडलं,
आणि तिथे काय लिहायचं ते सुचेपर्यंत
दोघांना अर्धा अर्धा किलो बांधून दिलं.