निरंक

साडेपाचला सात रस्त्यावरून निघतो आपण.
चहा नान्नजला, पाणी गाडीत,
अत्तर मारलेल्यांनी शेवटच्या सीटवर बसा,
आणि मला अजून कुणी विचारू नका
पत्रकावरचा तो पक्षी दिसेल का.

पत्रक मी छापलेलं नाही.

पुण्याचे सहा. लातूरचं जोडपं,
दुर्बिणीवर किमतीचं स्टिकर तसंच.
दोन मास्तर. एक पोरगं, ज्याला उलटी होणार
हे आई सोडून सगळ्यांना कळलेलं.
आणि एकट्या आलेल्या राजमणी चिलवेरी,
खांद्यावर टॉवेल, साठीच्या पुढच्या,
"नातवानं तिकीट काढलंय," म्हणाल्या, केवढ्यांदा,
जणू अख्खी गाडीच बहिरी.

माळावर उजाडलं.
पुण्याचे उतरले, म्हणाले, जंगल कुठंय?
त्यातच उभे आहात की.
आमचं जंगल गुडघ्याएवढं.
वर बघायची सवय मोडा,
इथं मान नाही, कंबर वाकते.

पवन्या, कुसळी, मारवेल,
मी नावं सांगत गेलो
आणि कुसळं पायमोज्यांत शिरत गेली.
लांब काळविटं, नुसती शिंगं चालल्यासारखी.
एक भोवत्या गवताला न शिवता गेला,
थंडीपुरता आलाय, हिमालयापलीकडून, म्हणालो,
तर धाकटे मास्तर म्हणाले, रजा मंजूर झाली वाटतं.

मनोऱ्यावर दीड तास.
तो बघा! लातूरकर ओरडले.
खुंट होता.
नेहमी खुंटच असतो.
मी शेवटचा पाहिला तेव्हा
माझ्या पोरीचे दुधाचे दात पडत होते,
यंदा तिनं बारावीचा फॉर्म भरला.
हे मी सांगत नाही.
मी सांगतो, या दिवसांत जरा अवघड असतं.

पाणवठा, साडेआठ.
आवाज आधी येतो, मग पखुर्ड्या,
वीस-बावीस, मातीच्या रंगाच्या,
उतरल्या की मातीच.
इथं मी नेहमीचं सांगतो:
पिल्लं असली की नर पाण्यात छाती बुडवून बसतो,
पिसं भिजवून कोस-कोस उडत जातो,
पिल्लं चोच लावतात त्याच्या छातीला.
अरे वा, म्हणतात लोक.

राजमणीबाईंना काहीच ऐकू गेलं नव्हतं.
तेहतीस वर्षं टॉवेलचा कारखाना,
दोन्ही कान मागानं नेलेले.
मग मी हातांनी सांगितलं.
छाती बुडवली, उडालो, वाकलो,
माझ्याच शर्टाला चोची मारल्या.
पोरगं खिदळलं. पुण्याच्यांनी व्हिडिओ काढला.

बाई बघत राहिल्या.
मग खांद्यावरचा टॉवेल माझ्या नाकासमोर धरला,
नखानं एकेक फंदा उभा केला.
"हे असं उभं असलं तर पाणी धरतंय.
सपाट विणलं की नुसतं पुसतंय.
त्या पाखराचं पण हेच असणार बघ."

बारा वर्षं मी ही माहिती देतोय.

हिप्परग्याच्या तलावावर बदकं होती, खूप होती,
पण तोवर सगळ्यांना भूक लागलेली.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही.
मंद्रूपच्या अलीकडे पोरानं व्हायचं ते केलं.

कुडलला भीमा आणि सीना.
कुठली कुठली, विचारतात सगळे,
मी हात दाखवतो, दोन्हीकडे सारख्याच खात्रीनं.
राजमणीबाई चपला काढून पाण्यात गेल्या,
टॉवेल बुडवला, न पिळता आणला,
पोराच्या डोक्यावर टाकला.
ते टॉवेलचं टोक चोखत बसलं.
घाण आहे ते, आई म्हणाली.
बाईंना ऐकू गेलं नाही.

रात्री वही भरली.
काळवीट चौतीस. लांडगा, ठसे फक्त.
पखुर्डी बावीस.
माळढोक: निरंक.
शेऱ्याच्या रकान्यात मी सहसा काही लिहीत नाही.
आजही नाही लिहिलं.

टॉवेल गाडीतच राहिलाय,
शेवटच्या सीटच्या दांडीवर, अजून जड.
तिकिटावर नातवाचा नंबर आहे.
उद्या लावतो.