पंचवीस सेकंद

बारी शहरात रात्री बारानंतर सिन्योरा लुक्रेझियाला झोप लागते,
मग मी ओट्यावर लॅपटॉप उघडते
आणि ठरवत बसते, दार कुठं बसवायचं.

घर तिकडं, जॉर्जियात, राचाच्या डोंगरात.
तळघरात जमिनीत पुरलेले तीन रांजण,
द्राक्षाचा रस अजून फसफसतोय.
ऑगस्टात गेले तेव्हा रांजणाच्या गळ्याशी थर्मामीटर लावून आले.
वर बाबा. वय एक्याऐंशी.
फोनवर "बरा आहे" याच्यापुढे शब्द नाही.
म्हणून आता थर्मामीटरला विचारायचं.

पण कंपनीनं आमच्या सबंध आळीला मिळून
एकच पत्ता दिलाय.
बाहेरून हाक मारली तर कुणाला मारली, कळणार कसं?
घरच्या राउटरवर व्हीपीएन म्हणजे
वाटच नसलेल्या घराला शिसवी दरवाजा.

माझ्या दिराकडं, कुताइसीत, खरा पत्ता आहे, एकट्याचा.
"ठेव की माझ्याकडं," गोचा म्हणाला.
पण गोचा इस्त्रीसाठी दिसेल तो प्लग उपटतो
आणि केलेला उपकार
दर ईस्टरला ताटात वाढतो.

उरलं फ्रँकफर्ट. भाड्याचा सर्व्हर, महिन्याला चार युरो.
तिथं मी कुणाला ओळखत नाही,
हीच काय ती जमेची बाजू.

तरी हात अडतो.
बावीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली मी.
मधे बसणारीला काय काय ऐकू येतं
ते मला सांगू नका.
झुगदिदीच्या एका बाईचा नवरा परतणार नव्हता,
हे तिच्याआधी मला कळलं होतं.
आणि मी तिला म्हणाले होते,
"थांबा हं, जोडून देते."

म्हणून फ्रँकफर्टच्या हाती फक्त बंद पाकीट.
किल्ल्या दोनच. एक या लॅपटॉपात,
एक तळघरातल्या डबीत, मक्याच्या पिठाच्या पिंपामागं.
आणि बाहेरून हाक मारायचीच नाही.
घरानंच उंबरा ओलांडून
दर पंचवीस सेकंदांनी म्हणायचं:
आहे.

पहिल्या रात्री तेरा पूर्णांक चार अंश.
आहे.
आहे.
चहा थंड झाला, मी आकड्याकडं बघत राहिले,
जसं कुणी झोपलेल्या लेकराच्या पोटाकडं बघतं.

तीन वाजता थांबलं.
मिनिट गेलं. चार गेली.
मी पोर्ट तपासला, किल्ली तपासली,
देवाला दिलेली जुनी वचनंसुद्धा तपासली.
मग सरळ फोन लावला. तिकडं सहा वाजलेले.

"झाडत होतो," बाबा म्हणाले,
"ती तुझी डबी मधे येत होती, काढून ठेवली.
रस मात्र काय वाजतोय! ऐकतेस?"
आणि त्यांनी फोन रांजणाच्या तोंडाशी धरला.

मागं सिन्योरा भिंत धरत उठून आली होती.
"एवढ्या रात्री कुणाचा फोन?"

मी खुर्ची पुढं ओढली
आणि स्पीकर चालू केला.