जोडणी

रिपोर्ट पुण्याहून आला, बावीस दिवसांनी.
जळगावच्या मॅडमनं पेन खाली ठेवलं
आणि स्वतःच्याच मानेमागे बोट टेकवलं:
इथे, मेंदूच्या देठाशी, तिळाएवढी जागा.
आईच्या पोटातच तिथली जोडणी होते.
आत हवा नसते,
तरी छाती तालीम करत असते.
कुठली तार कुठे, हे सांगणारं एक जनुक;
त्यात एक अक्षर सलग वीस वेळा यायला हवं.
तुमच्या मुलीत ते सव्वीस वेळा आलंय.

मी वायरमन, अडावद सबस्टेशन.
विचारलं, सहा जास्तच आहेत ना?
मग कमी काय पडलं?
मॅडम हसल्या नाहीत.
जागी असते तोवर ती श्वास घेईल, म्हणाल्या,
डोळा लागला की विसरेल.
उंदरांत हे करून पाहिलंय.
पिल्लं गुलाबी जन्मली आणि श्वासावाचून गेली.

स्टँडपर्यंत मी
त्या पिंजऱ्यातल्या उंदरिणीचाच विचार करत आलो.

आधी इन्व्हर्टर घेतला, मग बारसं केलं. हर्षाली.
माझं नाव सुपडू:
माझ्याआधीची दोघं पाळण्यातच गेली,
म्हणून मला सुपात घातलेलं.
त्यांची अक्षरं कोणी मोजली नाहीत.

वैशाखात वादळ आलं.
केळीचे बाग झोपले, अकरा पोल झोपले.
इन्व्हर्टर चालतो चार तास.
पाचव्या तासाला मी वर होतो,
कमरेला दोर, दातात बॅटरी,
आणि खाली अंधारात कुठेतरी
कोकिळा रबरी फुगा दाबत होती.
माय शेजारी बसून मोजत होती,
दम ले वं माय, एक, दम ले वं माय, दोन,
वीसपर्यंत, की परत एकपासून.
पुढचे आकडे येतात तिला, बाजार करते ती.
पण वीसच्या पुढे गेली नाही.

पावणेपाचला लाईन चार्ज केली.
आधी मशिदीचा दिवा, मग पिठाची गिरणी,
मग माझी गल्ली.
फोन वाजला. कोकिळा म्हणाली,
जपी गयी. मशीन चालू शे.

आमच्या बोलीत झोपण्याला जपणं म्हणतात.

मी पोल उतरलो नाही लगेच.
हात थरथरत होते, छाती वरखाली होत होती;
अख्खी रात्र होत असणार,
मी एकदाही तिला आठवण केली नव्हती.