ऐकण्याची तपासणी, राजारामपुरी

माझ्याकडं पंचवीस शब्दांची एक यादी आहे.
ताट. सूत. बाळ. फूल. ऊस.
तोंडापुढं पुठ्ठा धरून मी ती वाचते
पाठ्यपुस्तकातल्या बाईच्या आवाजात,
आणि काचेपलीकडचा माणूस
जे ऐकू आलं ते परत म्हणतो.
घरी मी 'आलो', 'जेवलो', 'जातो' म्हणणारी बाई,
आमच्या गल्लीत सगळ्याच तसं म्हणतात;
इथं पगार 'वाचते'चा मिळतो.

लोक विचारतात, ताई, दिवसभर कानातच असता,
कुठली भाषा सगळ्यात गोड?
गुजरीतला बंगाली कारागीर तपन आला होता,
त्याच्या आईचा फोन स्पीकरवर लागला
तर आमच्या मालूबाईनं झाडू थांबवला.
घाट चढून एक मालवणी म्हातारी आली,
तिचं वाक्य शेवटी जरा वर उचललेलं,
ओल्या अंगणातून जाताना लुगडं उचलावं तसं.
कॉलेजची पोरं म्हणतात, फ्रेंच.
फ्रेंच बहिरा अजून माझ्याकडं आलेला नाही.

माझं उत्तर आलेखावर आहे, ते कुणाला आवडत नाही.
कान म्हातारा होतो तेव्हा आधी स जातो,
मग श, मग फ, थ,
मागं उरतात स्वर.
अर्ध्या बहिऱ्याला जगातली कुठलीही भाषा
भिंतीपलीकडं कुणी आळवत बसल्यासारखी येते.
गोड म्हणतात ते हेच असेल,
अर्थ उठून गेल्यावर
खुर्चीत राहिलेली ऊब.

मंगळवारी हुपरीचे जिन्नाप्पा आले.
बावन्न वर्षं चांदीची घुंगरं केली,
आणि कानातून पहिली घुंगरंच गेली.
मी म्हटलं 'सूत', ते म्हणाले 'ऊत'.
'ऊस'ला नुसतं 'ऊ' म्हणून थांबले,
'पुढचं कुणी खाल्लं, ताई?'
'बाळ' बरोबर. 'गूळ' बरोबर.
ळ शेवटपर्यंत टिकतो,
हे कुठल्या पुस्तकात नाही, मी आपलं बघत आले.

सोबत बायको, पद्मव्वा, माहेर सदलगा.
म्हणाली, धा वर्सं झाली,
ह्यांस्नी मराठी कळंनाशी झाली,
म्हून मी परत कानडीच धरली.
कानडीत शब्दाचं मागलं दार उघडं असतंय बघा.
बा. साकु. ऊटा माड्री.
तेवढं आत शिरतंय.
मी चार वर्षं मिरजेला एसटीनं जाऊन
जे शिकले, ते हिनं
चुलीपुढं ताट वाढता वाढता काढलं होतं.

यंत्र बसवलं. म्हटलं, मावशी, बोला आता, काहीही.
ती गप्प.
दहा वर्षं ओरडून बोललेल्या बाईला
हळू कसं बोलतात ते आठवेना.
पदर तोंडावर घेतला.
म्हटलं, असू दे, ओठ दिसायला नकोतच.
'केळ्तदेन्री?'
मराठीत केळ म्हणजे फळ,
कानडीत ऐकणं, आणि विचारणंसुद्धा.

जिन्नाप्पा म्हणाले, 'फॅन बंद करा, लई झोंबतोय.'
फॅन बंद केला.
खाली भडंगवाल्याची कढई वाजत होती, ती कुणी बंद करायची.
'परत म्हण.'
ती परत म्हणाली.
'एवढं बारीक बोलतीस व्हय गं तू?'
हे त्यांनी मराठीत विचारलं.
तिनं कानडीत उत्तर दिलं, ते मला कळलं नाही,
आणि त्या दोघांनी सांगितलंही नाही.

फॉर्मवर 'भाषा' असा एक रकाना असतो,
आधीच मराठी लिहून बसले होते, तसंच ठेवलं.
बॅटरी कशी बदलायची ते दाखवलं,
म्हटलं, पावसाळ्यात रात्री यंत्र
तांदळाच्या डब्यात ठेवा, काका.
'तांदळाच्या,' ते म्हणाले,
यादी अजून चालूच असल्यासारखं.
त बरोबर. च बरोबर.
मी सवयीनं टिक केली.