तिसऱ्या क्लॅरिनेटचा कागद

पहिल्या क्लॅरिनेटला चाल मिळते,
दुसऱ्याला तिची सावली.
तिसऱ्याला थांबणं.
सतरा घरं रिकामी, मग एक लांब खालचा सूर,
पुन्हा रिकामी.
म्हणून तिसऱ्याच्या कागदावर पेन्सिल जास्त.

हॅलोवे फॉल्सच्या बँडला सत्तर वर्षं झाली,
कमिटी म्हणाली, एक पुस्तिका काढू, तू लिही.
कपाटाची किल्ली माझ्याकडे, एवढीच माझी पात्रता.
इतिवृत्ताच्या वहीत सापडलं ते असं:
कॉफीचे पैसे जमा. ट्युबाला पोचा. ठराव मंजूर.

मग हे कागद काढले.

सगळ्यात जुना एक मार्च, कापडी पट्टीने सांधलेला.
तालमी अग्निशमन केंद्राच्या माडीवर,
कारण तिथली शेगडी फुकट जळायची.
आर्मस लेप्पॅला, कागद गिरणीत लगदा ढवळणारा,
मुंगीएवढ्या अक्षरात लिहितो: इथे श्वास.
चार घरं पुढे: इथेही.
दमसास बेताचाच असणार, लगद्याच्या वाफेने.
अठ्ठेचाळिसाव्या घराशी उभी रेघ
आणि शेजारी: आग, तिबोंचा गोठा.
म्हणजे भोंगा झाला,
चारही ट्रॉम्बोन खांबावरून घसरत खाली गेले.
बाकीचे वाजवत राहिले की थांबले, लिहिलेलं नाही.
खाली पुढच्या मंगळवारची तारीख:
अठ्ठेचाळीसपासून.

मग अक्षर बदलतं.
गोल, उजवीकडे कललेलं, नन्सच्या शाळेतलं.
ओदील तिबो. त्याच गोठ्याची.
आर्मसची दोन बोटं रोलरमध्ये गेली होती,
खुर्ची रिकामी होती, ती येऊन बसली.
बायका नकोत असा ठराव कधी झालाच नव्हता,
त्यामुळे तो रद्द करायची सोय नव्हती.
आर्मस मागे उभा राहून झांजा वाजवू लागला.
ओदीलच्या कागदांवर, अकरा वर्षं,
प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एकच सूचना:
झांजांकडे बघ.
तालासाठी, असं मी पुस्तिकेत लिहिणार आहे.

गिरणी बंद झाली त्या वर्षीचे कागद कोरे.
अकरा जण उरलेले.
ट्युबावाला आल्बर्टाला तेलाच्या कामावर गेला,
त्याचे सूर बास क्लॅरिनेट ओढायचं,
बैलाच्या जागी शेळी जुंपल्यासारखं.
तरी त्या डिसेंबरात कार्यक्रम झाला.
श्रोते चौदा. हे वहीत आहे.

मी आले त्यानंतर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी.
मुलाने क्लॅरिनेट सोडलं आणि हप्ते उरले होते.
आता माझ्या डावीकडे मारीव्हिक, वृद्धाश्रमातली नर्स,
ड्युटीच्याच बुटांत येते,
सुरुवातीची दहा मिनिटं कणसूर, मग कुणीही ऐकावं.
मागे वेंडेल प्रू, शाळेची बस चालवतो,
ट्रॉम्बोनही तसंच, वळणावर सावकाश.

शेजारच्या गावाने हा मार्च उसना मागितलाय.
उसना देताना खुणा खोडून द्यायच्या, हा नियम.
खोडरबर तीन आठवडे माझ्या कोटात फिरतंय.

काल तालमीत भोंगा झाला.
वेंडेल उठला, ट्रॉम्बोन खुर्चीवर आडवा ठेवला,
आता खांब नाही, जिन्याने गेला, गुडघे सांभाळत.
एकतिसावं घर.
आम्ही थांबलो नाही.
हे लिहून ठेवलं, पुढच्या कुणाला प्रश्न पडू नये म्हणून,
आणि त्या नादात
माझा तो एकुलता लांब सूर राहून गेला.