दोन की एक

रुपेश गिरप संध्याकाळी निवतीच्या बंदरावर
मोबाईल घेऊन माझ्याशेजारी बसला.
रिगवर अकरा वर्षं, दर पाच आठवड्यांनी ये-जा,
त्याचे साठलेले माइल्स.
टोरांटोला जायचं, बहिणीकडे, आईला घेऊन.
‘पास्कूकाका, दोन बिझनेस होतायत,
नाहीतर एक फर्स्ट, आणि मी मागे, इकॉनॉमीत.
तुम्ही सांगा. फरक काय असतो?’

सव्वीस वर्षं मी त्या फरकाला इस्त्री केली,
त्यात बर्फ घातला,
दोन्ही हातांनी समोर धरला.
तरी चटकन सांगता येईना.

म्हटलं, बिझनेसमध्ये बटण दाबलं की खुर्ची आडवी होते.
फर्स्टमध्ये माणूस दात घासायला जातो
आणि परत येतो तर अंथरूण घातलेलं,
चादरीचा एक कोपरा दुमडून.
कुणी घातलं ते दिसत नाही.
मी घालायचो.

बिझनेसमध्ये नाव कागदावर बघून घ्यायचं.
फर्स्टमध्ये पाठ करायचं, माणूस चढायच्या आधी,
आणि तो चष्मा कुठे ठेवतो तेही.

बिझनेसमध्ये जेवण येतं.
फर्स्टमध्ये विचारतात, कधी आणू.
तिथे गाबोळी देतात, काळी, मोहरीएवढ्या दाण्यांची,
चमचा शिंपल्याचा, धातूची चव लागू नये म्हणून.
रुपेश हसला. त्याच्या घरामागे
माडाच्या बुंध्यात शिंपल्यांचा ढीग आहे,
कोंबडा त्यावर चढून आरवतो.
आणि गाबोळी त्यांच्या ताटात येते ती
आनंदीकाकीच्या टोपलीत उरली तरच.

हादरे बसले, मी म्हटलं,
की शॅम्पेन आणि पाणी सारखंच सांडतं,
पुसायचं फडकं फक्त वेगळं.
बिझनेसवाले अधूनमधून पुढच्या पडद्याकडे बघतात.
फर्स्टवाले मागे बघत नाहीत.

‘दोन बिझनेस घे. मधल्या जागा.
मधली पट्टी खाली जाते, हात धरता येतो.
तिचं पहिलंच विमान.’
मला वाटलं, शहाणपणाचं बोललो.

आनंदीकाकी जेटीवरून आली, टोपली रिकामी,
मनगटावरचे खवले पुसत. सगळं ऐकून घेतलं.
गाबोळीचं नाही विचारलं, अंथरुणाचं नाही.
‘त्या फष्टाक दार आसा?’
‘आहे. सरकतं. आतून लागतं.’
‘मगे माका ताच व्हया.
तू बस मागे.’

रुपेश माझ्याकडे बघत राहिला.
ती वाळूवर टोपली आपटून पाणी झाडत होती.
‘लगीन होवन इलंय तेव्हा घरात नऊ माणसां,
मगे तुमी पाच.
चुलीकडे निजलंय, मांगरात निजलंय,
बाळंतपणातय मधी नुसता लुगडा बांधलेला.
एकदा तरी दार लावन निजतलंय.
चौदा तास म्हणतस ना?’

मी ती दारं बाहेरून पाहिली.
दोन बोटांनी टकटक करायची, मग थांबायचं.
आत कुणी घोरायचं, एखादा रडायचा,
तरी माणूस आत कशासाठी गेलाय
हे कधी मनात आलं नाही.

फेब्रुवारीत गेली, मेमध्ये परत आली.
विमानात मिळालेला पायजमा आणि सदरा
सुकटीच्या दोरीवर वाळत होता, राखाडी,
खिशावर सोनेरी धाग्याचं पाखरू.

‘कशी लागली झोप?’

बांगड्याचं पोट चिरताना, वर न बघता,
‘बरी. पण पास्कू, तेंचा दार वयरपर्यंत नाय.
मी बिछान्यार उबी रवान बगलंय.
भायर तुज्यासारखो एक चेडो होतो,
हातात चादर, भिंतीक टेकान,
उब्या उब्या निजलेलो.
मगे मी हळूच खाली बसलंय.’

आणि सुरी पाण्यात बुडवली.