खुशीचा मामला

कायद्यानं मला कुणाच्या फाटकात पाय टाकता येत नाही.
मी बाहेर थांबते, हॉर्न वाजवते. एकदाच.
दुसऱ्यांदा वाजवला, की लोकांना वाटतं सरकार आलं.

वॉशिंग्टन राज्याच्या पूर्वेला, जिथे टेकडीमागून टेकडी नुसता गहू,
तिथे एल्डन हाउगेनची बाराशे एकर.
माझ्या आधीच्या माणसानं फाइलवर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं :
कुत्रा चावत नाही. मालक चावतो.

पहिल्या वर्षी तो म्हणाला, नको.
दुसऱ्या वर्षी म्हणाला, नको, पण कॉफी घे.
तिसऱ्या वर्षी त्याची बायको गेली होती.
मी अर्ज गाडीतच ठेवला,
पायरीवर बसून आम्ही
कुत्र्याच्या कानातल्या गोचिडांबद्दल बोललो, तासभर.

चौथ्या वर्षी काचेच्या दोन बरण्या नेल्या.
एक ढेकूळ त्याच्या शेतातलं,
एक कुंपणाखालचं, जिथे नांगर कधी पोचलाच नाही.
जाळीवर ठेवून दोन्ही पाण्यात सोडली.
शेतातलं ढेकूळ
कॉफीत बुडवून विसरलेल्या बिस्किटासारखं
सुटत गेलं, सुटत गेलं,
तळाशी गाळ, वर गढूळ पाणी.
कुंपणाखालचं बसून राहिलं
मुळांच्या केसांनी स्वतःला घट्ट धरून,
अधूनमधून एखादा बुडबुडा सोडत,
झोपेतलं जनावर श्वास सोडतं तसा.

त्यानं बरणी उन्हात धरली. हलवली. खाली ठेवली.
मग न बोलता चालायला लागला, मी मागून.

कुंपणाची पट्टी शेतापेक्षा कमरेइतकी उंच.
"लहानपणी वाटायचं, बापानं इथे बांध घातलाय.
बापाला वाटायचं, आज्यानं."
कुणीच घातला नव्हता.
कुंपण होतं तिथेच होतं.
शेत खाली गेलं होतं,
दर वर्षी वितळत्या बर्फाबरोबर चिमूट चिमूट,
ओढ्यातून नदीत, नदीतून समुद्रात,
तीन पिढ्यांच्या देखत.
मी माझ्या बुटांकडे बघत राहिले.

सही त्यानं पाचव्या वर्षी केली,
तीही ओढ्याकाठच्या अकरा एकरांपुरती.
अर्जात एक रकाना असतो, कारण.
त्यात लिहिलं : माझी मर्जी.
ऑफिसातल्या नव्या पोरानं विचारलं, हे चालतं?
म्हटलं, अरे, दुसरं काही चालतच नाही.

वाळुंजाच्या तीनशे काड्या लावल्या.
निम्म्या हरणांनी खाल्ल्या.
एल्डन म्हणाला, बघ, त्यांनाही कुणी सक्ती केली नव्हती.
उरलेल्यांतल्या काही वाळल्या, काही त्याच्याच गाईनं तुडवल्या.
चाळीसेक आहेत. एकीवर परवा
तांबड्या खांद्यांचा काळा पक्षी डुलत होता,
फांदी त्याला पेलत नव्हती, तो उडत नव्हता.

उरलेल्या रोपांना जाळी बांधत होतो,
तेवढ्यात शेजारच्या ड्रूफेलचा ट्रक
रस्त्यावर हळू झाला.
काच खाली आली नाही.
मागची धूळ पुढे निघून गेली, तरी उभाच.
मग गेला.

एल्डननं तार पिळता पिळता,
मान वर न करता विचारलं,
"बरण्या आहेत ना गाडीत?"